राघोदादाची रेड्याची गाडी

मी लग्न होऊन या गावात आले ती राघोदादाच्या बैलगाडीतून. तेव्हा शहापूरच्या या अंगाला, पार काळू नदीपर्यंत, नवरी आणायची तर राघोदादाच्याच गाडीतून, असा रिवाजच पडला होता. गाडीवर सावलीला बांबूचा नवा तट्टा बांधलेला, आत पेंढ्यावर गोधडी अंथरलेली, आणि पुढे पवळ्या नि चांद्या. दोघेही असे तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. गळ्यात पितळी घुंगुरमाळा. मी पंधरा वर्षांची, आईच्या आठवणीने रडत होते. राघोदादा मागे वळून म्हणाला, "रड गो, रड. माझ्या गाडीत रडत बसलेली पोर हसत उतरते." मी काही हसत उतरले नाही, पण तेवढ्या बोलण्याने धीर आला एवढं खरं.

आमच्या आणि त्याच्या घरामध्ये एकच कुडाची भिंत होती. त्या घरात काय शिजतं नि काय करपतं ते मला सांगायला कुणी लागत नसे. घरात माणसं तीन. राघोदादा, त्याची बायको सकुवयनी, आणि मैना, त्यांची एकुलती एक पोर. आधीची दोन राहिली नव्हती, त्यामुळे मैना म्हणजे दोघांचा जीव की प्राण.

राघोदादा माणूस सोन्यासारखा, पण ताठा भारी. लग्नसराईत वऱ्हाडं न्यायची, एरवी माळरानावरच्या गवताच्या गासड्या आसनगाव स्टेशनावर पोचवायच्या, असा त्याचा धंदा. चार पैसे हाती खेळत होते. मैनाचं लग्न त्याने काळूपलीकडे, मुरबाडच्या बाजूला, चांगल्या घरात लावून दिलं, आणि पोरीला पोचवायला स्वतःच गाडी जुंपली. दुसऱ्यांच्या पोरी पोचवताना गप्पा मारणारा हा माणूस त्या दिवशी रस्ताभर एक शब्द बोलला नाही.

मग दिवस फिरले. आधी एस.टी. आली. सुरुवातीला राघोदादा हसायचा, "त्या पत्र्याच्या डब्यात नवरी काय बसंल? ओकून मुंडावळ्या भरवील." पण माणसं बसायला लागली. नवरीसुद्धा बसली. मग गवताच्या शेटने ट्रक घेतला. राघोदादाच्या गाडीला दिवस लागायचा ते काम ट्रक न्याहारीच्या आत उरकून मोकळा व्हायचा. शेट गोड बोलून म्हणाला, "राघो, अडलं-नडलं तर बोलावीन हां." ते बोलावणं काही आलं नाही. बैलांना मात्र पेंढा लागायचाच, सरकी लागायचीच. कामाविना उभे राहिलेले बैल घरातल्यांचा घास खातात. सकुवयनी लोकांच्या बांधावर मजुरीला जाऊ लागली. बैलांच्या अंगावर तेज होतं आणि तिच्या गालांची हाडं वर आली होती. हे त्या माणसाला दिसत नव्हतं असं नाही, पण बघायचं नव्हतं.

शेवटी तिनेच सांगितलं. "बैल इका. एक रेडा घ्या. गाडी एका जनावराची असली तरी चाक फिरतंय नं?"

पौषात म्हसा गावची जत्रा भरते, तिथे गुरांचा मोठा बाजार. राघोदादा बैल घेऊन गेला आणि रेडा घेऊन आला. मोठी गाडीही तिथेच दिली, त्याऐवजी एका जनावराची जुनी, हलकी गाडी आणली. परतताना तो वेशीबाहेर बसून राहिला आणि दिवस बुडाल्यावर गावात शिरला. पण गावाला काय, डोळे थोडेच झाकून ठेवायचे असतात! दुसऱ्या दिवशी बुधूने, ज्याच्याकडे आता गावातली एकमेव चांगली बैलजोडी उरली होती, त्याला चावडीवर हटकलं, "काय राघो, आज कुणाला न्यायला आलास रे?" सगळे खदखदून हसले. रेडा हे यमाचं वाहन. थट्टा तशी जुनीच, आमच्यात रेडेवाल्याला सगळेच म्हणतात. पण इतकी वर्षं नवऱ्या आणलेल्या माणसाला ती कशी झोंबली असेल!

रेडा मात्र गुणी होता. सकुवयनीने त्याचं नाव भोळ्या ठेवलं. टाकलं ते खायचा, जुंपलं तिथे ओढायचा. माती, रेती, विटा, काहीही असो. त्याला एकच गोष्ट सोसत नसे, ऊन. डोक्यावर ऊन आलं की पाणी दिसेल तिथे जाऊन बसायचा. त्याच्या जिवावर त्या घरात पुन्हा दोन वेळची चूल पेटू लागली. सकुवयनी म्हणायची, "बैल मिरवायला व्हते, ह्यो जगवायला हाय." राघोदादाला हे पटायचं नाही. रेड्याला हाकताना तो मान खाली घालून, कुणी ओळखू नये अशा बेताने बसायचा. मी त्याला एकदा म्हटलंही, "दादा, चोरी केलीय का?" सुंभ जळतो, पण पीळ जात नाही.

काळूपलीकडे, मैनाच्या सासरी, बैल विकल्याची बातमी गेली नाही अशी त्याची समजूत होती. ती जावी अशी त्याची इच्छाही नव्हती.

वैशाखात शहापूरच्या बाजारात मैनाचा नवरा गणू कुणातरी ओळखीच्याला भेटला आणि त्याच्याबरोबर निरोप आला: 'सातवा सरला. पोरीला घेऊन जा. आमच्याकडे विहिरी आटल्यात, पाण्याची वणवण हाय. ती काय ऐकत नाय, हंडा घेऊन जाते.' पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, फक्त जाऊन आणायचं होतं. सकुवयनीने त्याच दिवशी आतली खोली सारवली, बाजेचा काथ्या आवळून घेतला आणि डिंक कुठे मिळेल ते मला विचारलं.

पण राघोदादा बुधूच्या बैलांसाठी अडून बसला. आणि लग्नसराईत बुधूचे बैल रिकामे कुठले? आज इकडे लग्न, उद्या तिकडे. दिवस चालले. मी म्हटलं, "एस.टी.ने आणा." तर म्हणे, "तिच्या गावातनं एस.टी. दोन कोस लांब. पोटुशी पोर उन्हातनं चालवू?" बरोबर होतं. मग रेडा जुंपा. त्यावर तो उठून चालता झाला.

शेवटी सकुवयनीचा आवाज कुडापलीकडून ऐकू आला. ती कधी वर आवाज काढायची नाही, त्या दिवशी काढला. "पोर माझी हाय! तिला माझ्याकडं आणा. रेड्यावर आणा नायतर खांद्यावर आणा!"

तो गेला. तिने बजावलं होतं, "पहाटं निघा, रेडा उन्हाचा नाय." पण हा सकाळी तट्टा बांधत बसला, पेंढा पसरत बसला, खरं म्हणजे माणसं रानात पांगण्याची वाट बघत बसला. निघताना एक गोष्ट केली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खुंटीवरची पवळ्याची घुंगुरमाळ काढून त्याने रेड्याच्या गळ्यात बांधली. मला तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, चला, स्वीकारलं एकदाचं.

संध्याकाळी तो परत आला तो रिकामीच गाडी घेऊन. सकुवयनी दारात उभी. "अमावास्या होऊन जाऊ दे म्हणाले," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला. सासरचा शब्द, त्याच्यापुढे कोण बोलणार? तीही अमावास्येची वाट बघू लागली.

खरं काय घडलं ते पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकते, कारण मनात ठेवलं की मला राग येतो. काळूच्या उताराशी तो पोचला तेव्हा ऊन टळटळीत झालं होतं. मैनाचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, पलीकडचा चढ चढला की पहिलंच. रेड्याने पाणी पाहिलं आणि गाडीसकट डोहात शिरून खाली बसला. गाडी पुढे कलंडली, पेंढा, गोधडी सगळं भिजलं. राघोदादा कमरेभर पाण्यात उभा राहून त्याला उठवतोय, आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया हसतायत. एक म्हणाली, "अगो बया, यमच आला आंघोळीला!" झालं. त्याच्यात जे काही उरलं होतं ते तिथे संपलं. चिखलाने भरलेला रेडा आणि ओली गाडी घेऊन व्याह्याच्या दारात उभं राहायचं त्याचं धाडस झालं नाही. रेडा उठला तसं त्याने गाडीचं तोंड फिरवलं. पोर हाकेच्या अंतरावर होती, आणि बाप परत फिरला!

अमावास्येच्या आधीच निरोप आला. मैना पाण्याचा हंडा घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढत होती, पाय घसरला. पोटावर पडली. रात्री बाळंत झाली. मुलगा झाला, पण रडला नाही.

सकुवयनी जमिनीवर बसली ती उठेना. तिला ताप भरला. मैनाला आणायला कुणीतरी बाई बरोबर हवी म्हणून मी गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी बुधू स्वतः दारात आला. "राघो, माझे बैल ने," म्हणाला. राघोदादा म्हणाला, "आता नको." पहाटे त्याने भोळ्याला जुंपलं. घुंगुरमाळ खुंटीलाच राहिली, ती कायमची.

आम्ही पोचलो. मैनाची सासू ठकूबाई पुढे आली. मला वाटलं होतं, बाई काहीतरी लागट बोलणार. तिने रेड्याला पाणी दाखवलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि राघोदादाला म्हणाली, "यवढे दिवस का लावलंत, व्याही? आमी वाट बघून थकलो."

राघोदादा कसाबसा म्हणाला, "बैल नव्हते."

"ते ठाव हाय आमाला. जत्रेतच कळलं. म्हून काय झालं? आमच्या गोठ्यात बघा, दोन रेडेच हायत. भाताच्या चिखलात काय बैल चालतात?"

राघोदादाने गोठ्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. दोन काळेभोर रेडे शांतपणे रवंथ करत होते.

मैना आली. मी तिला लहानाची मोठी होताना बघितलेली, पण ओळखू येईना. काखेत गाठोडं होतं. मी तिला हात देऊन गाडीत चढवलं तेव्हा दिसलं, चोळी दोन्हीकडून ओली झाली होती. दुधाला काय कळतं, प्यायला कुणी नाही ते. मी माझा पदर तिच्यावर पांघरला आणि आम्ही निघालो.

काळूच्या उताराशी येईतो ऊन चढलं. भोळ्या पाण्याकडे ओढ घेऊ लागला. राघोदादाने कासरा खेचला, त्याला शिव्या दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्या मुक्या जनावरावर चाबूक उगारला.

"बाबा," मैना म्हणाली. "त्या दिवशी तू हितवर आला व्हतास नं?"

चाबूक तसाच वर राहिला.

"पवळ्याची घुंगरं मी वळखली. चुलीपाशी व्हते. सासूला म्हटलं, माझा बाबा आला. ती भाकऱ्या थापाया बसली. मी गाठोडं घेऊन उंबऱ्यात येऊन बसले." तिने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. "मग घुंगरं लांब लांब गेली. मला वाटलं, गाडी फिरवून चढणीनं आणतोस. दिवे लागंस्तवर बसले मी."

राघोदादा गाडीवरून उतरला. आमच्याकडे पाठ करून तो नदीच्या कडेला दगडावर बसला आणि तोंडात पंचा कोंबून रडला. मला त्याचा राग होता, अजून आहे, पण तो आवाज ऐकवत नव्हता. मी त्याच्याकडे जायला उठले तर मैनाने माझा हात धरून ठेवला.

गाडीत आम्ही दोघी, पुढे भोळ्या, पाण्याकडे बघत धापा टाकणारा.

"रंगूकाकी, सोड त्याला," मैना म्हणाली. "बसू दे पाण्यात. आता मला कसली घाई हाय?"

मी उतरून रेडा सोडला. तो डोहात जाऊन गळ्यापर्यंत बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. तो आपणहून वर येईपर्यंत आम्ही तिघंही तिथेच बसून होतो.