कोमातला संज्या आणि घाटावरचा कावळा

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं शेंगा फोडत, पोटचं पोरगं बेशुद्ध पडलेलं बघत बसलो होतो.

घाबरू नका. पोरगं टीव्हीत होतं. आमचा संज्या मुंबईला मालिकांत काम करतो. पहिल्या मालिकेत तो मढं झाला. दुसरीत हवालदार, तिथं नुसतं "चला" म्हणाला, तर हौसानं, म्हणजे बायकोनं, गल्लीभर पेढे वाटले! तिसरीत हिरोचा थोरला भाऊ झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात जिन्यावरनं पडून कोमात गेला. त्याला सात महिने झाले होते.

"अवो, वर बघा की! कसा गुणानं पडलाय. पापणीबी हलवत न्हाई."

"त्यात कसला गुण? आपली म्हसबी अशीच पडती."

"सात म्हैनं लेकराच्या पोटात अन्न न्हाई!"

"अगं, काल फोनवर मटण खाल्लं म्हनला की!"

तिला पटलं नाही. उठली आणि टीव्हीच्या काचेला जोतिबाचा अंगारा लावला. (पुसू द्यायची नाही. आमच्याकडं बातम्या सांगणारी बाईसुद्धा कपाळाला अंगारा लावून यायची.)

पहाटे हौसा उठलीच नाही. झोपेतच गेली. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या आधी उठलो, आणि उठून काय करायचं तेच कळेना.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. दहा-बारा कावळे जमले, पण एकही शिवेना! म्हणजे हौसाचा जीव कशाततरी अडकलेला. तिचा धाकटा भाऊ नामदेव हात जोडून ओरडला, "अक्का, म्हस इकणार न्हाई!"

कावळे ढिम्म.

"दाजीस्नी दोन टायमाला जेवाय घालीन!"

एक कावळा तर उडूनच गेला.

मग नामदेव मुंबईहून आलेल्या संज्याकडं वळला. "तुझ्यातच जीव अडकलाय तिचा. कोमातनं उठतो म्हन!"

"मामा, ते माझ्या हातात नाही. लेखकाच्या हातात आहे."

"मग लाव त्येला फोन!"

संज्यानं ओल्या पंच्यातच उभं राहून फोन लावला. लेखक म्हणाला, "संजय, तू उठलास तर खून कुणी केला ते सांगशील. मालिकाच संपेल!"

नामदेवनं फोन हिसकला. "पावणं, हितं कावळा थांबलाय!"

"किती भाग थांबेल?"

"आरं, खरा कावळा हाय!"

तिकडं लेखकानं कागद चाळले. मग आवाज आला, "फार तर एक बोट हलवू."

"दोन करा!"

"बरं, अंगठा धरून दोन."

नामदेवनं बोटं वर करून कावळ्यांना दाखवली. एक कावळा पिंडाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं, आणि चालत परत गेला. हौसाला बाजारात कुणी कधी फसवलं नाही, ती दोन बोटांवर काय भागणार!

संज्या तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडाय लागला. तसलं रडणं त्यानं मालिकेत केलं असतं तर हिरो झाला असता.

ते बघून मला हौसा आठवली. बारा वर्षं ती हाका मारायची, "या की, संज्या लागलाय," आणि मी म्हणायचो, निजायला कसली अक्कल लागती? एकदाही पोराचं काम धड बघितलं नाही. मी पुढं झालो.

"हौसे, तुझ्या लेकाचं काम हितनं पुढं म्या बघीन. रोज. जाहिरातीसकट!"

आणि कावळा शिवला! एक नाही, तीन!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच अंघोळ केली, फेटा बांधला आणि टीव्हीपुढं बसलो. नऊला नामदेव चहा घेऊन आला. टीव्हीत एक बाई कढया विकत होती.

"दाजी, ह्ये काय बघताय? मालिका संध्याकाळी सातला असती!"

"गप बस," मी म्हटलं. "तीन तास झालं, त्या कढयांच्या मागं संज्या कुठं पडलाय त्येच हुडकतोय!"