बद्रीनाथला साथ हवी होती

वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये बद्रीनाथ सुपरवायझर होता. पोळी जाड झाली की कामगार त्याला बोलायचे आणि कोथिंबीर महागली की साहेब. दोन्हीकडचं ऐकत त्याची चाळिशी आली. अशात कानावर आलं की कंपनी ‘आरोग्य अधिकारी’ म्हणून एक नवी जागा काढणार. वेगळी केबिन, वर पंखा, आणि कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. उलट आपणच सगळ्यांना ऐकवायचं. अट एकच होती, सार्वजनिक आरोग्याची पदवी पाहिजे.

शहरातल्या एका कॉलेजात ही पदवी रविवारच्या वर्गांवर मिळत होती. बद्रीनाथनं बायकोला, आशाबाईला, न विचारता नाव घातलं आणि मग तीन वर्षं दर रविवारी बजाजनगरातून स्कूटर काढली. वर्गात सगळी विशीतली पोरं. ती त्याला आधी सर समजली, मग शिपाई, आणि शेवटी काका म्हणायला लागली.

पदवीचं प्रकरण त्याला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, नावाची एक चीज होती. ती थेंबाथेंबानं जमवावी लागे. साथरोगशास्त्र झालं, संख्याशास्त्र दुसऱ्या झटक्यात निघालं, आरोग्याचे कायदे पाठ केले. ‘संवादकौशल्य’ सक्तीचं होतं. त्यात एका पोरसवदा मास्तरानं त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं ते शिकवलं. ते तो घरी आशाबाईवर करून बघायला गेला, तर ती म्हणाली, “काय झालं? चष्मा लागला का?”

एवढं सगळं पार पडलं आणि शेवटी एकच अट उरली. विद्यार्थ्यानं एखाद्या खऱ्याखुऱ्या साथीचा स्वतः तपास करायचा आणि अहवाल द्यायचा. जुनी साथ चालणार नाही, दुसऱ्यानं तपासलेली चालणार नाही.

“आणि साथ आलीच नाही तर?” बद्रीनाथनं विभागप्रमुख किनगावकर मॅडमना विचारलं.

“येते हो,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याकडे साथीला काय तोटा?”

पण त्या वर्षी तोटा पडला. पावसाळा कोरडा गेला, डास झाले नाहीत. नळाला पाणीच आठ-आठ दिवस येईना, मग गढूळ तरी कुठून येणार? हिवाळ्यात लोक नुसते खोकले आणि बरे झाले. बद्रीनाथ दर दोन दिवसांनी पाहुण्यांना फोन लावायचा. “काय, बरे हायेत ना सगळे?” पलीकडून “व्हय, एकदम ठणठणीत” असं आलं की त्याचा आवाज पडायचा. पुढं पुढं पाहुणे त्याचा फोन उचलेनासे झाले.

“माणसं आजारी पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलात,” आशाबाई म्हणाली. “अशानं पुण्य लागत असतंय व्हय?”

“पडावी असं म्हणत नाय मी,” तो म्हणाला. “पडणारच असली तर परीक्षेच्या आधी पडावी, एवढंच.”

परीक्षा दोन महिन्यांवर आली. त्यात बजाजनगरातलं नवं घर बांधून तयार झालं होतं, म्हणून ऐन मे महिन्यात वास्तुशांत काढली. सगळं गणगोत बोलावलं. स्वयंपाकाला वस्तीतला कडूबा आचारी सांगितला. बासुंदी मात्र सासूबाईंची, म्हणजे भागूबाईंची. त्या अजिंठ्याहून एसटीनं आल्या, मांडीवर भलीमोठी किटली घेऊन. सिल्लोडला गाडी बंद पडली, तेव्हाही त्यांनी किटली खाली ठेवली नाही. लोकांनी वाट्यांवर वाट्या रिचवल्या. “बासुंदी खावी तर भागूबाईंच्या हातची!” असं जो तो म्हणत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत पहिला पाहुणा ओकला. मग संडासापुढं रांग लागली, आणि नव्या घरात उद्‌घाटन सगळ्यांत आधी त्या खोलीचं झालं. जे घरी गेले होते त्यांचेही फोन यायला लागले. दोघांना सलाईन लावावं लागलं. जीव कुणाचा गेला नाही, पण तोंड उतरलं नाही असा पाहुणा विरळा.

बद्रीनाथ लिंबू-सरबत वाटत फिरत होता. पोटात त्याच्याही कळा येत होत्या. मोरीच्या दाराशी टेकला असताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही साथच की! आणि ती चालून त्याच्या घरी आली होती. त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली. पण दोन्ही भावना पुऱ्या व्हायच्या आत त्याला पुन्हा मोरीत पळावं लागलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत गणगोतानं निकाल लावून टाकला होता. कडूबानं तेल हलकं वापरलं. हर्सूलला एका लग्नाचा स्वयंपाक कडूबाकडे होता, तो लोकांनी काढून घेतला. कडूबा येऊन ओट्यावर बसला. “दादा, मी पण तेच जेवलो. मला काय झालं नाय,” एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

पुस्तकात लिहिलं होतं की ज्यानं त्यानं काय खाल्लं ते विचारा, आजारी पडलेल्यांना आणि न पडलेल्यांनाही. बद्रीनाथ घरोघर विचारत फिरला. पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. आपण काय खाल्लं हे माणसं सरळ सांगत नाहीत. साखरेचा आजार असलेला मामा म्हणाला, “मी गोडाला शिवत पण नाय.” मग फाटकापर्यंत सोडायला आला आणि कानाशी लागला, “तीन वाट्या. मामीला बोलू नको.” त्या दिवशी चतुर्थीचा उपास धरलेली एक आत्या होती. तिनं फक्त बासुंदीच खाल्ली होती, दुधाची म्हणून.

हळूहळू चित्र स्पष्ट होत गेलं. बासुंदी खाल्ली ते पडले, नाही खाल्ली ते हिंडत होते. कडूबा बासुंदीला शिवलाच नव्हता. गोडानं त्याचे दात दुखायचे. या सगळ्यात एकच माणूस आडवा येत होता, चुलतभाऊ कारभारी. बद्रीनाथच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव राहून गेलं होतं, तेव्हापासून त्यानं या घरचं पाणीही वर्ज्य केलं होतं. वास्तुशांतीला तो नुसता तोंड दाखवायला आला होता. आणि सलाईन लागलेल्या दोघांतला एक तोच होता.

“काय खाल्लंस?” बद्रीनाथनं विचारलं.

“तुझ्या घरी? पाणीसुद्धा नाय.”

“मग जुलाब?”

“ऊन लागलं.”

किनगावकर मॅडमनी कच्चा अहवाल बघितला आणि कारभारीच्याच ओळीवर पेन टेकवलं. “यानं काहीच खाल्लं नाही, तर मग हा आजारी कसा? याचा उलगडा हवा.”

बद्रीनाथ पुन्हा कारभारीकडे गेला, पुन्हा तेच उत्तर घेऊन आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यानं पदवीचं नावच काढलं नाही. “कडूबाचं काम गेलं,” एवढंच सांगितलं. “त्यानं काय केलं नाय. तू खरं बोललास तर ते सिद्ध होतंय.”

 कारभारी फणकारला, “लग्नाच्या पत्रिकेत आमचं नाव नसतंय. जुलाबाच्या यादीत मात्र बरं लागतंय!”

 “ती चूक माझीच,” बद्रीनाथ म्हणाला. “मजकूर मीच वाचून दिला होता.”

“टाकीमागं,” कारभारी एकदम म्हणाला. “उभ्यानं. तांब्याभर होती. वास इतका झकास येत होता, माणूस किती दम काढंल?” मग सावरून बसला. “पण तुझ्या त्या अहवालात माझं नाव आलं पायजे.”

“आजाऱ्याचं नाव छापता येत नाय. नियम हाय.”

“मग कुठं येतंय?”

“आभारात.”

“मग आभारात घाल. पयलं.”

अहवाल पुरा झाला. त्यात ‘घरगुती दुग्धजन्य पदार्थ, उन्हाळ्यात प्रदीर्घ प्रवास’ असं लिहिलं होतं. आशाबाईनं त्याच्याकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाली, “दुग्धजन्य म्हणजे माझी आईच ना? तिला एका शब्दानं कळता कामा नये.”

पण नियमावलीत शेवटचं एक कलम होतं. तपासाचा निष्कर्ष संबंधितांना समजावून सांगायचा आणि तशी त्यांची सही आणायची. सही नसेल तर श्रेयांक नाहीत.

बद्रीनाथ अजिंठ्याला गेला. संवादकौशल्यात शिकलेलं सगळं त्यानं वाटेत आठवून पाहिलं. भागूबाईंनी त्याला पाटावर बसवलं, नोकरीचं विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं. शेवटी त्यानं एका दमात सांगून टाकलं. बासुंदी चांगलीच होती, पण सिल्लोडच्या उन्हात ती बिघडली. दोष उन्हाचा, दोष गाडीचा.

भागूबाईंच्या हातातलं पाखडायचं सूप थांबलं. “म्हंजे माझ्याच हातानं,” त्या म्हणाल्या.

“उन्हानं,” तो पुन्हा म्हणाला.

“आन त्या आचाऱ्याला मी फोनवर काय काय बोलले! त्याच्या बायकोला पण बोलले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग आत जाऊन फोन आणला. “लावून द्या त्याचा लंबर.”

कडूबाशी त्या काय बोलल्या ते बद्रीनाथनं ऐकलं नाही. तो मुद्दाम अंगणात गेला. परत आला तर त्या कागद मागत होत्या. पेन घट्ट धरून त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली. हर्सूलच्या लग्नवाल्यांनाही त्यांनीच फोन करून सुनावलं, आणि कडूबाचं काम त्याला परत मिळालं.

बद्रीनाथ पास झाला. बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याला साथीबद्दल फारसं काही विचारलंच नाही. बासुंदीत चारोळी होती का एवढं विचारलं. केबिन मिळाली, पंखाही मिळाला. कामगार आता जाड पोळीबद्दल नव्या सुपरवायझरला बोलतात. कारभारी आभाराच्या पानाची झेरॉक्स पाकिटात ठेवतो आणि चहाही बद्रीनाथच्याच घरी पितो.

अजिंठ्यात मात्र गोष्ट थोडी वेगळी सांगितली जाते. बाजारात कुणी जावयाची चौकशी केली की भागूबाई थांबतात, डोक्यावरचा पदर नीट करतात आणि म्हणतात, “मोठा साहेब झाला. तीन वर्षं नुसता शिकत होता, पण डिग्री काय मिळंना. शेवटी माझी बासुंदी खाल्ली, तवा कुठं पास झाला.”