री ओढणारी

आमच्या ह्यांना झटका आला तो शिरोलीच्या फाउंड्रीत, दुपारच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता. शिरोलीहून फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. दवाखान्यात पोचले तर उजवा हात, उजवा पाय लुळा पडलेला आणि वाचा बसलेली. भट्टीच्या घरघरीतून ज्यांचा आवाज पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचा, त्यांच्या तोंडून "अ... अ..." एवढंच निघत होतं.

त्या "अ"च्या पुढं काय आहे ते मला ठाऊक होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचे. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, पाहुण्यांसमोर, कुठंही नुसतं "अगं". तेवढं एक "अगं" मला परत हवं होतं. पाय नाही चालला तरी चालेल, असं मी देवाला स्पष्ट सांगून टाकलं. देवाशी मी कधी आडपडदा ठेवत नाही, आणि त्या दिवसांत तर भांडतच होते.

हे आमच्या मंडळीत भजनाला पुढं बसायचे. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी पेटी, तबला, झांजा घेऊन प्रार्थना असायची, आणि हे गाणार असले की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसायची. मागं बसून साथ करणाऱ्यांत मी. घरी तर मागची मी एकटीच. संध्याकाळी कामावरून आले की चहा उकळेपर्यंत हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून गाणार, आणि मी ओट्यापाशी वळून न बघता साथ देणार. "माझी री वडायला तेवढी तू बरी," हे म्हणायचे, "एरवी माझं एक ऐकत न्हाईस." ते खरंच होतं.

घरी आणल्यावर तिसऱ्या बुधवारी मंडळी आमच्याकडं आली. मला कुणी नको होतं, पण नको म्हणायची सोय नसते. ह्यांना उशांना टेकवून बसवलं. पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, ह्यांच्या आज्जानं बांधलेलं भजन काढलं, ह्यांच्या सगळ्यात आवडीचं. मी आत कपबशा मांडत होते. आणि बाहेरून ह्यांचा आवाज आला.

"रिकाम्या हाती आलो, येशू..."

शब्द स्पष्ट. सूर थोडा खाली, पण ह्यांचाच. माझ्या हातातली बशी फुटली. बाहेर आले तर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि हे गात होते, सगळ्यांबरोबर, शेवटच्या कडव्यापर्यंत. भजन संपल्या संपल्या मी ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. "अहो, मला हाक मारा. एकदा." ह्यांनी तोंड उघडलं. "अ... अ..." घामानं कपाळ डबडबलं, डाव्या हाताची मूठ वळली, पण पुढचं अक्षर काही आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं. जुनं, पाठ झालेलं गाणं वाचतं, बोलणं जातं. "पण त्याला बोलणं समजू नका," ते म्हणाले. "चारजण बरोबर असतील तर निभावेल, एकटे असले की मध्येच शब्द संपतील." मी मान हलवली. गाण्याची एक खोली शाबूत राहिली होती आणि माझी खोली पडली होती, एवढं मला कळलं.

मंडळीला मात्र चमत्कार दिसला. आमच्यात रविवारी विनंतीच्या चिठ्ठ्या वाचतात, कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, आणि त्यानंतर उपकारस्तुत्या, म्हणजे मागितलेलं मिळालं त्याबद्दल देवाचे आभार. पाळकांनी आमची चिठ्ठी विनंतीतून काढून उपकारस्तुतीत घातली. मला न विचारता. "आपल्या बंधूंना वाचा आली," त्यांनी सांगितलं, "ताई, चार शब्द साक्ष द्या." सगळं चर्च हसऱ्या तोंडानं माझ्याकडं वळलं.

मी उठले. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं, पण तोंड माझं कधी थांबलंय? म्हटलं, "वाचा आलेली न्हाई. रात्री-अपरात्री तहान लागली तरी सांगता येत न्हाई त्यांना. स्तुती तेवढी म्हणता येतीय. देवाला स्वतःपुरतं ठेवून घ्यायचं हुतं, ते त्यानं ठेवून घेतलंय." आणि खाली बसले. मग पाळकांनी घाईघाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगितला. घरी येताना रिक्षात मला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

त्यानंतर मी बुधवारची प्रार्थना बंद केली. पेटीवर चादर टाकली. गाणं म्हणून माझ्या तोंडून निघेना. भांडी घासताना सवयीनं ओठांवर काही आलं तर मी ओठ मिटून घ्यायची.

पण हे गायचे. रोज दुपारी, ऊन खिडकीतून पलंगावर आलं की एकटेच सुरू करायचे. "रिकाम्या हाती आलो, येशू..." आणि तिथंच थांबायचे. पुढं "स्तुती घेऊन आलो" असं आहे, पण तिथवर गाडी पोचायचीच नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, शब्द संपतील. थांबून माझ्याकडं बघायचे. मला वाटायचं, काहीतरी हवंय. मी पाणी द्यायची. मान फिरवायचे. उशी सरकवायची, भांडं आणायची, पंखा कमी करायची, जास्त करायची. पुन्हा तेच. "रिकाम्या हाती आलो, येशू..." आणि ती नजर. कधी डाव्या हातानं पलंगाची फळी बडवायचे. मग दमून भिंतीकडं तोंड करून पडायचे.

असे चार महिने गेले. सांगायला लाज नाही, त्या चार महिन्यांत दोनदा मी देवाला म्हटलं, आता दोघांनाही ने.

एका दुपारी ह्यांनी ती ओळ सहा-सात वेळा म्हटली. मी लादी पुसत होते. माझा तोल गेला. फडकं बादलीत आपटलं आणि ओरडले, "रिकाम्या हाती, रिकाम्या हाती! कळलं की मला! रिकामंच हाय सगळं! आणि काय करू मी?" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे रडले तेव्हा आवाज नव्हता. मी तशीच दारात येऊन उंबऱ्यावर बसले.

शेजारच्या भाभी बाहेर आल्या. त्यांची आमची भिंत एकच आहे. ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून आमच्या घरचं दळण त्यांनीच आणलंय. माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, एक इचारू का? राग धरू नका."

"इचारा."

"तुमी मागनं का म्हणत न्हाईसा?"

"काय म्हणत न्हाई?"

"पंधरा वर्सं झाली मी भिंतीपलीकडनं ऐकतीया. भाईजान आदी म्हणत्यात, मग तुमी म्हणतायसा. चा झाला की बंद. आता निस्तं भाईजानचंच येतंय. त्ये म्हणून थांबत्यात, आणि तुमचं काय येतच न्हाई." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला वाटलं, भांडण झालं काय तुमचं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "स्तुती घेऊन आलो" ही ओळ ह्यांची नव्हतीच. ती मागच्यांची होती. पुढच्यानं पहिली ओळ टाकायची आणि थांबायचं, मागच्यांनी दुसरी उचलायची, तोवर पुढचा पुढं जात नाही. आमच्या मंडळीतल्या चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत आहे. बावीस वर्षं ओट्यापाशी उभी राहून मी तीच एक ओळ म्हणत आले होते. डॉक्टर म्हणाले शब्द संपतील, आणि मी ते धरून बसले.

भाभी उठून आपल्या घरात गेल्या, आणि मी आत गेले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी पलंगावर बसले आणि ह्यांचा डावा हात हातात घेतला. बराच वेळ काहीच नाही. मला भीती वाटली की आता हे पुन्हा म्हणणारच नाहीत, मी ओरडून तेवढंही घालवलं.

मग हळूच, भिंतीकडं बघतच, "रिकाम्या हाती आलो, येशू..."

आणि थांबले.

स्तुती हा शब्द मला तेव्हा गळ्यातून खरवडून काढावा लागला. त्यात भक्ती नव्हती, सूरही नव्हता. "स्तुती घेऊन आलो," मी म्हटलं.

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं. आणि दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ म्हटली, आणि थांबले. मी मागची म्हटली. तिसरं कडवं, चौथं. पलीकडं भाभींच्या घरात भांडी वाजायची थांबली होती.

"अगं" अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येणारही नाही. स्तुती म्हणताना मला आजही मधूनच राग येतो, तरी रोज दुपारी ऊन पलंगावर आलं की मी हातातलं काम टाकून ह्यांच्याजवळ जाऊन बसते. रागापेक्षा मला दुसरंच छळतं. चार महिने हे मला हाक मारत होते, त्यांना येत होती त्या एकाच रीतीनं, आणि मी एकदाही ओ दिली नव्हती.