अठरा दिवस पेटीत

"आधी वाचू, मग घाबरू."

कुणीही इंग्रजी कागद पुढे केला की सर हेच म्हणायचे. चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, परत चढवायचे. कागद घेऊन उभा असलेल्याचा जीव तेवढ्यात अर्धा व्हायचा.

तुमच्या गल्लीचं मला माहीत नाही. भिवंडीतल्या आमच्या गल्लीत साप निघाला तर लोक काठी घेऊन धावतात. इंग्रजी कागद आला की मात्र सगळी गप्प. दवाखान्याचा असेल का कोर्टाचा, कुणाला कळतंय? मग सकाळी सरांच्या ओट्यावर रांग लागायची. चाळीतला लूमवाला भैया म्हणायचा, "मास्टरजी, जरा देखो ना, डर लग रहा है." सर म्हणायचे, "पहले पढेंगे, भाई."

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून सर रिटायर झाले होते. बायको वारलेली, एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. मी दिघाशी गावचा, दुसरी पास, लूमचा म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री. मशीनचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, म्हणून मला कुणापुढे कागद धरायची लाज वाटायची. एकदा खोकला हटेना, तेव्हा छातीचा फोटो काढला. कागद घेऊन सरांकडे गेलो आणि म्हणालो, "शेजाऱ्याचा हाय."

सरांनी वाचला. माझ्याकडे बघितलं. "तुमच्या शेजाऱ्याला सांगा, छाती साफ आहे. आणि मिस्त्री, त्याला म्हणावं विडी सोड."

त्या दिवसापासून आमचं जमलं. दुपारी ते आमच्या कारखान्यात येऊन बाकावर बसायचे. लूमच्या खडखडाटात तोंडाचा उपयोग नाही, तिथे आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ आवळली की मशीन थांबव. तळहात सपाट धरून हवेत फिरवला की माल साफ. सरांनी हट्टाने सगळं शिकून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मूठ आणि कात्रीचा घोळ केला, तेव्हा मी त्यांना कान धरायला लावलं होतं. "मिस्त्री, पोरांचा सूड घेताय," म्हणाले.

मग त्यांचा आवाज बसला. म्हणायचे, "खडूची धूळ आहे, आता बाहेर पडतेय." दोन महिने झाले तरी बाहेर पडेना.

एके दुपारी ते माझ्या घरी आले. हातात बंद पाकीट. घशातला तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट.

"वाचला का?" मी विचारलं.

"नाही. हात चालत नाही." मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आणलाय. ठेवा. मी मागेन तेव्हा द्या. कुणाला दाखवू नका."

मी शब्द दिला आणि पाकीट हत्यारांच्या पेटीत, पान्या-पकडींच्या खाली ठेवलं.

माझी मंडळी म्हणाली, "अवो, रिपोर्ट हाय तो, लोणचं न्हाय मुरवायला."

"शब्द दिलाय," मी म्हणालो. माझा शब्द म्हणजे माझा शब्द.

सर रोज दुपारी येत. पाकिटाची गोष्ट काढत नसत. मीही काढत नसे. ते पाणी प्यायले की मी त्यांच्या गळ्याकडे बघायचो, घोट अडकतो का म्हणून. घरी गेल्यावर पेटी उघडून बघायचो. पाकीट तिथंच असायचं. तेवढ्यानेही माझे हात गार पडायचे. मी तरणा असताना मशीनच्या चालत्या पट्ट्यात हात घातलाय, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

आता तुम्हीच बघा. ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि लूम चालू ठेवला, की शेवटपर्यंत कापडात फट पडत जाते. म्हणून पहिलं काम मशीन थांबवायचं. हे मी किती जणांना ओरडून शिकवलंय. आणि मीच अठरा दिवस मशीन चालू ठेवलं.

एकोणिसाव्या सकाळी सरांना चहा गिळताना ठसका लागला. ओट्यावर रांग होती. मी घरी जाऊन पाकीट आणलं आणि सगळ्यांदेखत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आधी वाचू, सर. मग घाबरू."

त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. मग वाचलं. इतकी वर्षं गल्लीला कागद समजावून सांगणाऱ्या त्या माणसाने दोन बोटांची कात्री केली.

मुंबईत ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. तरी घरी आल्यावर आठवड्याच्या आत ओट्यावर रांग लागली. सर कागद वाचायचे, हातांनी मला सांगायचे, आणि मी लोकांना मोठ्याने सांगायचो, "घाबरू नको, माल साफ हाय!" हातांनी भागेना तिथे ते मराठीत चिठ्ठी लिहायचे, मी बोट ठेवून ठेवून वाचायचो. मी, दुसरी पास, गल्लीला इंग्रजी कागद सांगत होतो.

एकदा रांग संपल्यावर मी विचारलं, "सर, ते अठरा दिवस... मी रिपोर्ट दाबून ठेवला म्हणून तर आवाज गेला न्हाय ना?"

त्यांनी तळहात सपाट धरला आणि हवेत फिरवला. पण माझ्याकडे न बघता.

पावणेदोन वर्षं काढली त्यांनी. शेवटी दवाखान्यात त्यांनी मूठ आवळली. मी घाबरून उठलो आणि पंखा बंद केला. सर बिनआवाजाचं हसले. मूठ मात्र तशीच राहिली.

मुलगी घर आवरून नाशिकला गेली, तेव्हा त्यांची फाईल मला देऊन गेली. "बाबांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, कागद मिस्त्रींकडे सुखरूप राहतात." सगळं इंग्रजीत आहे. ते अठरा दिवस किती महागात पडले, तेही त्यात डॉक्टरने लिहिलं असेल. गल्लीत आता वाचणारे पुष्कळ आहेत. सूनबाई म्हणते, फोनसमोर धरला तर फोनपण वाचून दाखवतो. मी कुणाला दाखवलेली नाही.

रोज सकाळी पेटी उघडतो, पाने-पकडी बाजूला करतो. फाईल असते. मग तिच्यावर तळहात सपाट धरतो आणि हवेत फिरवतो. पेटी बंद करतो.