उजव्या वळणावरचा लाल दिवा

लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा आमच्या दारात एक जुनी, दोन दारांची मोटार येऊन उभी राहिली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या नवऱ्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, उसाच्या चरकाचे आणि पाण्याच्या पंपांचे भाग तो बनवायचा. मी राजारामपुरीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. मोटार कशाला हवी, असं मी विचारायच्या आत नवऱ्यानं तिचं इंजिन खाली उतरवलं होतं.

दिवाळी झाल्यावर शहरातली मोटारवेडी मंडळी घाटात एक स्पर्धा ठेवणार होती. खालून सुटायचं आणि चढ संपेपर्यंत जो कमी वेळात पोचेल तो पहिला. त्याला त्यात उतरायचं होतं. पावसाळाभर तो संध्याकाळी दुकानाचं काम आटोपलं की गाडीला लागायचा. हेड घासून पातळ केलं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले, स्प्रिंगा कापून गाडी खाली आणली. गाडी खाली आल्यावर इंजिनाच्या बुडाचं तेलाचं चेंबर रस्त्यावरच्या दगडांना घासायला लागलं, म्हणून तेही कापून उथळ केलं आणि रुंदीला वाढवलं, म्हणजे तेल तेवढंच मावेल. हे सगळं मला जेवताना ऐकायला मिळायचं. निम्मं कळायचं, निम्मं ऐकून घ्यायचे.

सासूबाईंना मात्र सगळं कळत असावं. त्यांच्या माहेरी शर्यतीचे बैल होते आणि वेग हा प्रकार त्यांना मनापासून आवडायचा. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सासूबाई पदर सावरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दाब की जरा."

गाडीच्या समोरच्या पट्टीवर दोन लाल दिवे होते. एक डायनामोचा, एक तेलाच्या दाबाचा. डायनामोचा दिवा गाडी जागेवर उभी असली की मिणमिणायचा. नवऱ्यानं मला त्याचं कारण सांगितलं होतं. इंजिन आता जास्त फिरणार म्हणून त्यानं डायनामोला मोठी पुली बसवली होती, त्यामुळे इंजिन हळू चालताना डायनामो पुरेसा फिरत नसे. गाडी पळायला लागली की दिवा विझायचा. त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्यामुळे झालं असं, की या गाडीत लाल दिवा पेटतोच, अशी आम्हां सगळ्यांची सवय होऊन गेली.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंनी नृसिंहवाडीला जायचं काढलं. नवऱ्याला गाडी लांब पळवून बघायची होतीच. सकाळीच निघालो. जाताना हमरस्ता सरळ होता. गाडी अशी पळाली की मी दार धरून बसले आणि सासूबाई मागं हसत होत्या. वाडीला दर्शन झालं, घाटावर थोडा वेळ बसलो. कृष्णेचं पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळाचे पट्टे वाळत होते. सासूबाईंनी नदीकाठची वांगी घेतली, मी कवठाची बर्फी घेतली आणि आम्ही परत निघालो.

वाडीहून शिरोळकडे येताना रस्ता उसातून वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, पुढचं काही दिसत नाही. अशाच एका वळणावर दुसरा दिवा, तेलाचा, लख्खकन पेटला आणि विझला. मला वाटलं उन्हाची तिरीप असेल. थोड्या वेळानं पुन्हा पेटला. मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं पट्टीकडे पाहिलं, तेव्हा दिवा विझलेला होता. या गाडीचे दिवे असेच आहेत, तिकडं बघू नकोस, असं म्हणून तो चालवत राहिला.

मी बघत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की दिवा फक्त उजव्या वळणावर पेटतो. डाव्या वळणावर नाही, सरळ रस्त्यावर नाही. उजवीकडे वळताना नवऱ्याचा हात स्टिअरिंगवरून असा फिरायचा की दिवा त्याच्या मनगटाआड जायचा. त्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. मी हे बोलले तेव्हा त्याला जरा रागच आला. मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबीव गाडी. ती सांगतीया ते ऐक."

त्यानं रस्त्याच्या कडेला एका मोकळ्या माळावर गाडी घेतली. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल पुरेपूर होतं.

"बघ, तेल हाय. दिव्याचं बटण गेलंय, दुसरं काय न्हाय," तो म्हणाला.

"बटण गेलं असतं तर डाव्या वळणावरही पेटला असता," मी म्हणाले. "एकदाही पेटला नाही."

त्यानं पट्टी परत जागेवर घातली, बॉनेट लावलं. मग गाडीत बसला आणि मला शेजारी बसायला सांगितलं. माळावर त्यानं डावीकडे गोल चक्कर मारली. दिवा विझलेला. मग उजवीकडे वळवली. निम्मी चक्कर व्हायच्या आत दिवा पेटला. मी सांगितलं तशी त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी गवतात आपोआप थांबली.

त्याचा चेहरा उतरला होता. चेंबर उथळ आणि रुंद केल्यावर काय होतंय ते त्याला त्या क्षणी कळलं होतं. परातीत पाणी घेऊन वळलं की पाणी एका कडेला जातं, तसं तेल डाव्या कडेला पळत होतं आणि तेल ओढणारी नळी उजवीकडे कोरडी पडत होती. दिवा खरं सांगत होता. तेवढा वेळ इंजिन तेलावाचून फिरत होतं, आणि सकाळपासून अशी वळणं किती झाली होती कोण जाणे.

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून एक गृहस्थ आले. माळ त्यांचाच होता. आमच्या चाकांनी गवतात काढलेली चक्रं बघून ते म्हणाले, "काय पावणं, रान नांगराय आलाय व्हय?"

नवऱ्यानं त्यांची माफी मागून सगळं सांगितलं. ते खाली उतरले, पाणी दिलं, ट्रॅक्टरला दोर लावून शिरोळपर्यंत ओढून नेऊ का, असंही विचारलं. नवऱ्यानं थोडा विचार केला. हळू नेली तर तेल जागेवर राहील, असं त्याचं मत पडलं. तरी त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू दिवा बघ. पेटायला लागला की बोल," तो म्हणाला.

अशा रीतीनं ती वेगाची गाडी कोल्हापूरपर्यंत रांगत आली. उजवं वळण आलं की तो जवळजवळ थांबायचा आणि मी दिव्याकडे डोळे लावून बसायचे. उसाच्या बैलगाड्याही फारशा मागे पडत नव्हत्या. सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली तर त्यानं त्यांना गप्प राहायला सांगितलं, कारण इंजिनातून काही ठोका ऐकू येतो का, ते त्याला ऐकायचं होतं. त्या खरंच गप्प बसल्या, वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन. मला त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

दिवा पुन्हा पेटला नाही. पण माळावर पोचायच्या आधीच नुकसान झालं असलं, तर त्याचा आता काही उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती, मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. तो जाऊ नको म्हणाला नाही. त्यानं तेल परातीत काढलं आणि आधी त्यात बोटं बुडवून उजेडात चोळून बघितली. आत काही झिजलं असतं तर तेलात धातूची चकाकी आली असती. त्यानं पुन्हा एकदा बघितलं, मग माझ्यासमोर बोटं धरली. मला नुसतं काळं तेल दिसलं.

मग चेंबर उतरवलं, आतली बेअरिंगं एकेक करून सोडवली. ती म्हणजे अर्धगोल, पातळ कवचं असतात. पहिलं कवच त्यानं फडक्यानं पुसलं आणि दाराशी नेऊन उलटसुलट करून बघितलं. करडं, गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. दुसरं तसंच. मग पुढचं, त्याच्या पुढचं. शेवटचं पुसल्यावर तो तिथंच जमिनीवर बसला, भिंतीला टेकला आणि मोठा श्वास सोडला.

"वाचलं," तो म्हणाला. "काय सुदीक झालं न्हाय."

ते कवच त्यानं माझ्या हातात दिलं. मी त्यावरून अंगठा फिरवला. घरच्या भांड्यापेक्षाही मऊ लागलं. मला हसू आलं आणि मग थांबेचना. तोही हसायला लागला. समोरच्या दुकानातला माणूस काय झालं ते बघायला आला, तर त्याला आम्ही दोघंही धड काही सांगू शकलो नाही.

त्यानं चेंबरात आडवे पत्रे जोडून कप्पे केले. खालून बारीक वाट ठेवली, म्हणजे तेल नळीकडे येईल पण एकदम कडेला पळणार नाही. चेंबर परत बसवून आम्ही मोकळ्या मैदानात गेलो. त्यानं उजवीकडे गोल गोल इतक्या चकरा मारल्या की मला मळमळायला लागलं. दिवा विझलेलाच राहिला.

स्पर्धेत तो मधेच कुठेतरी आला. पहिला नंबर एका मोठ्या इंजिनाच्या गाडीचा आला. सासूबाईंचं म्हणणं पडलं की शेवटच्या चढाला त्यानं हात आखडता घेतला. तो म्हणाला, घेतला खरा. घाटमाथ्यावर वारं सुटलं होतं. मी डबा उघडला, गाडीच्या सावलीत तिघं जेवलो आणि तो तिथंच गवतावर आडवा होऊन गाढ झोपला. पावसाळ्यापासून तो दिवसा झोपलेला मी पाहिला नव्हता. सासूबाईंनी त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपली छत्री उघडून धरली, आणि आम्ही दोघी खालून चढत येणाऱ्या गाड्या बघत बसलो.