मोरचूद घातलेलं रजिस्टर

वर्तमानपत्रातल्या जुन्या चित्रकथांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की मला मळमळतं. पेपर दारात पडला की आधी शेवटचं पान उघडायचं, मग जगाचं काय ते बघायचं, काय ते दिवस होते, वगैरे. होते ना. आमच्याही घरात होते. पण त्या प्रेमाला वास होता आणि डाग होते, हे कुणी सांगत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकरोडच्या एका वसाहतीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बाबा कचेरीत कारकून होते. आमच्या पेपरात तळाशी रोज तीन चौकटी यायच्या. दीपगृहाचा एक रखवालदार हरवलेल्या भावाला शोधत बेटाबेटांवर फिरतो, अशी गोष्ट होती. मूळ परदेशी, त्यामुळे लांब कोटातली गोरी माणसं संकटात "मेलो रे बाबा" म्हणून ओरडायची. बाबा संध्याकाळी ती पट्टी कापून कचेरीतल्या एका बाद रजिस्टरात चिकटवायचे. त्यासाठी मैद्याची खळ शिजवायचे आणि तीत चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विष आईच्या भांड्यांना लागू नये म्हणून कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला होता. मोरचूद कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. पुढची गंमत अशी की वसाहतीत कुणी आजारी पडलं की आमचं रजिस्टर त्याच्याकडे जायचं. कुणी सुरू केलं कोण जाणे, पण रिवाजच पडला. लोक आजाऱ्याकडे मोसंबी नेतात, आमच्याकडून रखवालदार जायचा. गोवर, कावीळ, मोडलेला पाय, सगळीकडे तो जाऊन आला. आणि परत यायचा तेव्हा काय रूप असायचं! एका पानावर वरणाचा ओघळ, दुसऱ्यावर डोक्याच्या तेलाचा गोल. एकदा रखवालदाराच्या तोंडावरच चिरडलेला ढेकूण होता. पानांचे कोपरे तर विचारूच नका. प्रत्येक जण अंगठा जिभेला लावून पान उलटणार. अर्ध्या वसाहतीची थुंकी त्या कोपऱ्यांवर वाळलेली होती. बाबा ओल्या फडक्याने पानं पुसायचे आणि वर खूश व्हायचे. म्हणायचे, "वाचलं म्हणजे मनापासून!"

मी एकदा रजिस्टराला हात लावायला साफ नकार दिला. बाबांचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही. म्हणाले, "सायखेड्याला मी लहान असताना मला ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ओतणाऱ्याच्या तोंडावर हेच असायचं, तुझ्या तोंडावर आत्ता आहे ते."

मी उसळून म्हणाले, "ते जातीचं होतं. हे जंतूंचं आहे. आम्हाला शाळेत शिकवलंय."

"त्यांच्याकडेही कारण असायचंच," बाबा म्हणाले आणि पुसत राहिले.

मला फार राग आला. मला आणि त्या पाणी ओतणाऱ्यांना एका दोरीला बांधायचं म्हणजे काय! मी घरात सर्वांत स्वच्छ होते आणि त्याचा मला अभिमान होता.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात बाबा पंधरवडाभर कचेरीच्या कामाने पेठला गेले. तेव्हा समोरच्या इमारतीतले आजोबा आमच्या दारात आले. उभा जन्म त्यांनी मालेगावला यंत्रमागावर काढला होता. कापसाच्या तुसांनी छाती निकामी झाली, म्हणून धाकट्या मुलाकडे येऊन राहिले होते. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात थुंकायला पत्र्याचा डबा. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी तो एकदा वापरलाही. आतला आवाज मी ऐकला.

"बेटा, ते चित्रंसनं रजिस्टर घरमा शे का?" त्यांनी अहिराणीत विचारलं. महिनाभर ते दवाखान्यात होते. रखवालदार गुहेत अडकला आणि हे भरती झाले. आता पेपरात तो तिसऱ्याच बेटावर हिंडताना दिसत होता. गुहेतून सुटला कसा, एवढंच त्यांना बघायचं होतं.

रजिस्टर माझ्या मागेच ट्रंकेवर होतं. मला त्यांचा अंगठा दिसला, डबा दिसला. मी म्हणाले, "आजोबा, त्याला कसर लागली. पार चाळण झाली. फेकून दिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. अंमळ जास्तच वेळ. मग म्हणाले, "कसर लागनी का? ऱ्हाऊ दे मंग. तुना बापले वाईट वाटनं व्हई." आणि काठी टेकत जिना उतरले. मी दाराची कडी फडक्याने पुसली.

बाबा पेठहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांची सून एक पाकीट घेऊन आली. म्हणाली, "सासऱ्यांनी दिलंय. तुमचं रजिस्टर कसरीने खाल्लं म्हणे. मागचं गेलं ते गेलं, पुढचं तरी राहू द्या म्हणाले. रोज स्वतः कापत होते, हात थरथरायचा तरी." पाकिटात तेरा पट्ट्या होत्या. वाकड्यातिकड्या कापलेल्या, एकेका कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळट ठसा.

बाबांनी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. रजिस्टर उचलून चपला घालायला लागले.

"परवाच मालेगावला नेलं हो त्यांना, थोरल्या दिरांकडे," ती म्हणाली. "श्वास फार लागला होता." रजिस्टराकडे तिचंही लक्ष गेलं.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "मोरचूद घातलेल्या खळीला कसर शिवत नाही. मागावर सुताला खळ देताना ते घालायचे. मला ही युक्ती त्यांनीच सांगितली."

म्हणजे ते दारात उभे होते तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. घरी जाऊन, सगळं कळलेलं असताना, त्यांनी कात्री हातात घेतली होती.

आठवड्याने आजोबा गेल्याचं कळलं. बाबांनी खळ शिजवली आणि पट्ट्या एकेक करून द्यायला मला सांगितलं. मी दिल्या. पहिली देताना दोन नखांत धरून दिली आणि बाबांनी ते बघितलं. तेव्हा मला जी किळस आली ती पट्टीची नव्हती. साबणाने ती गेली नाही, आजही जात नाही.

रजिस्टर माझ्याकडे आहे. कसर खरंच लागलेली नाही. गुहेचं पान त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. भरतीचं पाणी चढतं आणि रखवालदार त्याबरोबर वर येऊन छताच्या भोकातून बाहेर पडतो, एवढंच त्यात आहे. रजिस्टर द्यायचं नव्हतं, तर एवढं मला दारात उभ्या उभ्या तोंडानेही सांगता आलं असतं.