हार्ड लक, स्वाती

मंडळी, दुपारपासून बधिर बसलोय.

आमच्या टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. मी मलकपेठचा, स्वाती नांदेडची. रोज डबा एकत्र खातो. माझं हैदराबादी "नक्को" ऐकून ती हसते.

आज कपातीत तिची नोकरी गेल्याचं टीम लीड म्हणून मलाच सांगायचं होतं. मीटिंग रूममध्ये दोघंच होतो, तरी मी इंग्रजीत म्हणालो, "हार्ड लक, स्वाती. इट वॉज टोटली रँडम."

ती म्हणाली, "दादा, हेच मराठीत सांगा ना."

मला जमलं नाही. कपातीच्या यादीत तिचं नाव मीच घातलं होतं.

तिचा चटणीचा डबा माझ्या टेबलावरच राहिलाय. तुम्ही अशी बातमी कोणत्या भाषेत देता?